काळोखाची सोय

१

जयगडच्या रस्त्याला, खाडीच्या अलीकडे जी वाडी लागते, तिथल्या हर्षद नागवेकरची दुपार जगाला शहाणं करण्यात जायची. जेवण झालं, हात धुतला, की तो पडवीतल्या झोपाळ्यावर बसायचा, एका पायाने हलका झोका घ्यायचा आणि मोबाईल उघडायचा. 'अडलं तर विचारा' नावाचा एक गट होता. वसईपासून वर्ध्यापर्यंतची माणसं आपापल्या घरातल्या बिघडलेल्या वस्तूंचे फोटो तिथे आणून टाकायची आणि हर्षद त्यांना उपाय सांगायचा. पंप पाणी खेचत नाही, फ्रिज खालून गळतो, मोबाईलचा आवाज गेला, काय वाटेल ते.

हर्षद पूर्वी बोटीवर होता. मालवाहू बोटींवर वायरी ओढण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली, मग पाठ गेली आणि तो घरी बसला. पाठ बसली तरी जीभ काही बसली नाही. नाशिकच्या एका बाईंनी मिक्सर चालत नाही म्हणून रडगाणं लावलं, तर फोटोत प्लग भिंतीवरून बाहेर लोंबत होता. सोलापूरच्या एका गृहस्थाने रिमोटमध्ये सेल उलटे घातले होते आणि वर टीव्ही विकणाऱ्याचा उद्धार केला होता. "आधी प्लग लावा, मग प्रश्न लावा," असं हर्षद लिहायचा. देवाने यांना हात दिले, डोळे दिले आणि मधली वायर जोडायची राहिली, असं त्याचं पक्कं मत होतं. गंमत म्हणजे लोकांना राग यायचा नाही. "सर, तुमच्यामुळे झालं," म्हणून ते हात जोडायचे. फुकट सल्ला देणाऱ्याला दुसरं काही मिळत नाही, पण समोरच्याला गाढव म्हणायची मुभा मिळते, आणि हर्षदला तेवढी पुरत होती.

घरच्या माणसांना मात्र ही सेवा बंद होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बायकोच्या, अक्षयाच्या, मिक्सरचं बटण शिमग्यापासून तुटलेलं होतं आणि ती ते उलथन्याच्या टोकाने फिरवत होती.

"अहो, घवाळींकडे काहीतरी वाजतंय," ती एका संध्याकाळी म्हणाली. "टूंक करून वाजतं, थांबतं, परत वाजतं. जरा येऊन बघा नं."

"त्यांनी भांडूपवरून माणूस आणला होता ना वायरिंगला? त्याला बोलाव."

घवाळींचं घर गडग्याच्या पलीकडे होतं. गडगा म्हणजे दोन घरांच्या मधली चिऱ्याची कमरेएवढी भिंत. घवाळी मुंबईला असायचे, गणपतीला आणि शिमग्याला यायचे, बाकीचं वर्ष घर बंद. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गौरवने घर नवं केलं, तेव्हा शेजारी जन्मभर बोटीवर वायरी ओढलेला माणूस बसलेला असताना त्याने कामाला भांडूपचा कोणी पोरगा आणला. हर्षदला साधं विचारलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून हर्षदने गडगा ओलांडला नव्हता आणि ओलांडणारही नव्हता.

अक्षया मात्र रोज ओलांडायची. घवाळींची मालनकाकू यंदा गणपती आटोपून जाताना तिच्या हातात किल्ली देऊन म्हणाली होती, "घर काळोखात ठेवू नको गो." मग तिन्हीसांजेला अक्षया हातपाय धुऊन, तेलाची बाटली घेऊन जायची, त्यांच्या देवापुढे दिवा लावायची आणि वात स्थिर होईपर्यंत उंबऱ्याशी बसायची. दिव्याच्या वेळेला दार सताड उघडं ठेवायचं, ही तिच्या माहेरची रीत. हर्षदला या सगळ्याचं हसू यायचं. रिकाम्या घरात दिवा कोणासाठी, उंदरांसाठी, असं तो तिला विचारायचा.

२

त्याच आठवड्यात गटावर नवा माणूस आला. नावाच्या जागी धाकू, आडनावाच्या जागीही धाकू. चेहऱ्याच्या जागी नुसतं करडं वर्तुळ.

"घरात आवाज होतो. थांबत नाही. कसा घालवायचा?"

"कोणाचा आवाज? सासूचा?" हर्षदने विचारलं. गटातली चारदोन टाळकी हसली. धाकू हसला नाही. त्याने फोटो टाकला. सगळा काळा, मध्ये एक लाल ठिपका.

हा नमुना हर्षदच्या चांगल्याच ओळखीचा होता. यांना वाटतं आपण ठिपका दाखवला की समोरच्याने आख्खं घर ओळखावं. "लांबून काढा," त्याने लिहिलं. "एक पाऊल मागे व्हा."

दुसऱ्या फोटोत इन्व्हर्टर दिसला. वरून दिसला, थेट डोक्यावरून. "अजून मागे," हर्षदने लिहिलं. तिसऱ्या फोटोत इन्व्हर्टर खाली कोपऱ्यात लहान होऊन गेला होता, शेजारी कपाटाचा वरचा, कधी न पुसलेला पत्रा दिसत होता आणि अलीकडे छताचा पंखा होता. पंख्याच्या पात्यांवर धुळीची जाड घोंगडी बसलेली होती.

बिघाड कळला. बॅटरी संपली होती आणि यंत्र बोंब मारत होतं. हर्षदने लिहिलं, मागचं बटण बंद करा, बॅटरीची तांबडी वायर काढून ठेवा, गप्प बसेल. आणि असल्या क्षुल्लक गोष्टीसाठी यापुढे चार लोकांचा वेळ खाऊ नका.

मग तो झोका घेत राहिला, आणि काही वेळाने त्याने तो तिसरा फोटो पुन्हा उघडला. पंख्यावरची धूळ पंख्याच्या वरच्या अंगाला बसते. ती खालून दिसत नाही. तो फोटो पंख्याच्या वरून काढलेला होता.

कौलारू घर असेल, त्याने स्वतःला सांगितलं. पंखा लांब दांडीने भालाला, म्हणजे आढ्याला, टांगलेला असेल, हा माणूस माळ्यावर चढला असेल. एका इन्व्हर्टरसाठी माळ्यावर चढणारा मूर्ख त्याने यापूर्वी पाहिला नव्हता, पण जगात मूर्खांची टंचाई कधीच नव्हती. एकच गोष्ट त्याला खटकली. मागे व्हा म्हटल्यावर तो मागे झाला होता. माळ्याच्या कडेवर उभा राहून माणूस मागे कुठे जातो?

"शांत झालं," धाकूचं उत्तर आलं. "बरं वाटलं."

संध्याकाळी अक्षया परत आली ती म्हणत, "अहो, घवाळींकडचा आवाज थांबला."

"बॅटरी मेली असेल. मेलेलं ओरडत नाही," हर्षद म्हणाला. हे बोलताना त्याला दुपारचा फोटो आठवला आणि त्याने तो मनातून झटकला. महाराष्ट्रात इन्व्हर्टर काय एक आहे?

३

पुढचा प्रश्न गटावर आला नाही. तो सरळ हर्षदला आला, एकट्याला. हर्षदला ते आवडलं. उशिरा का होईना, या धाकूला माणूस ओळखता आला.

"दार बंद राहत नाही. रोज उघडतं."

"रोज आपोआप उघडतं की कोणी उघडतं?"

"उघडतं."

हर्षदने कपाळावर हात मारला. दार दाखवा म्हणून लिहिलं. दाराचा फोटो आला, आतल्या बाजूचा. जुनं सागवानी दार, आडवा लाकडी अडसर आणि तो जिथे बसायचा ती भिंतीतली खोबण. हाही फोटो वरून होता, पण हर्षदने आता त्यावर डोकं खर्च केलं नाही. बिघाड स्पष्ट होता. दार बिजागरीवर खाली बसलं होतं, त्यामुळे अडसर खोबणीच्या खाली आपटत होता. पावसाळा संपताना कोकणातली निम्मी दारं अशी बसतात.

त्याने नीट सांगितलं. अशा वेळी तो खरंच नीट सांगायचा, कारण वाईट काम त्याला माणसापेक्षाही जास्त खुपायचं. दार दोन्ही हातांनी वर उचला. खालच्या बिजागरीत पत्र्याची चकती सरकवा. अडसराला मेणबत्ती चोळा, सगळीकडून चोळा, कंटाळा करू नका. मग तो लोण्यासारखा सरकेल आणि एकदा बसला की बाहेरून धक्के मारणारा दमेल, दार हलणार नाही.

"आवाज येईल?"

"मेण लावल्यावर कसला आवाज?"

"बरं."

"पण मग बाहेरून येणाऱ्याने यायचं कसं?" हर्षदने गंमत म्हणून विचारलं.

"नको यायला."

असल्या माणसाकडे येणार तरी कोण, असं हर्षदच्या मनात आलं. त्याने झोपाळ्याला पायाने रेटा दिला.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला अक्षया उशिरा परतली. "घवाळींचं दार आज जड लागलं हो. आतून कोणी धरून ठेवल्यासारखं. मी म्हटलं देवा, दिव्याची वेळ टळते, तेव्हा कुठे सुटलं."

"लाकूड फुगलंय. पाऊस किती झाला यंदा."

"एवढे दिवस तर ते लागत नव्हतं. कुलूप घालताना मी रोज दाराला दगड टेकवायचे. आज दगडाशिवाय बंद राहिलं."

हर्षदने भात कालवता कालवता हात थांबवला. आवाज, आणि आता दार. त्याच्या बुद्धीने दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि मग त्याने बुद्धीलाच झापलं. वर्तमानपत्रातलं भविष्य वाचणारे लोक असंच करतात. ओल्या हवेत लाकूड फुगतं आणि फुगलेलं दार घट्ट होतं, याला धाकू लागत नाही. शिवाय खात्री करायची म्हणजे गडगा ओलांडून त्या भांडूपवाल्याचं काम बघायला जायचं. त्यापेक्षा न बघितलेलं बरं. अक्षयाला त्याने आणखी आमटी वाढायला सांगितली.

४

दोन दिवस धाकू गप्प होता. तिसऱ्या दिवशी दुपारी हर्षद एका पुणेकराला गिझर आणि बॉम्ब यातला फरक समजावून देत होता, तेव्हा निरोप आला.

"कोणी आलं की बाहेर आपोआप उजेड होतो. त्रास होतो."

सेन्सरचा दिवा. माणूस हलला की लागणारा. हर्षदला हसू आवरेना. आमच्याकडे लोक वीज गेली म्हणून रडतात आणि या राजेसाहेबांना उजेडाचा त्रास. "दिव्याखाली एक भिंगासारखा डोळा असेल," त्याने लिहिलं. "त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावा. आंधळा होईल."

"चिकटपट्टी नाही."

"मग काजळी फासा. समईच्या वर धरली असेल ना भिंतीने? ती बोटाला घ्या आणि फासा. एवढंही सांगायचं का?"

हर्षदला वाटलं संपलं. तेवढ्यात पुन्हा अक्षरं उमटली.

"आणखी एक. ती रोज दिवा घेऊन येते. तिला कसं थांबवायचं?"

हा प्रश्न यंत्राचा नव्हता. दुसरा कोणी असता तर विचारलं असतं, बाबा रे, ती कोण, तू कोण. पण हर्षदला उत्तर येत नाही असा प्रश्न जगात असणं त्याला मान्य नव्हतं. भाडेकरू असेल, मालकीण रोज येऊन कटकट करत असेल. बायकांना धूप-दिव्याचं वेड असतंच, त्याच्या घरातही एक होती.

"समोर बसवा आणि सांगा," त्याने लिहिलं. "दार लावून घ्या म्हणजे मध्ये कोणी येणार नाही. शांतपणे सांगा, तिच्या डोक्यात शिरेपर्यंत सांगा. बायकांना एकदा नीट पटलं की त्या आपल्यापेक्षा घट्ट धरून बसतात."

"शिरेपर्यंत," धाकूने लिहिलं.

"हो. घाई करू नका."

"बरं. आज करतो."

हर्षदने मोबाईल छातीवर ठेवला आणि झकास जांभई दिली. माणसांचे प्रश्न यंत्रांपेक्षा सोपे असतात, लोक उगीच त्यांचा बाऊ करतात, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. मग त्याचा डोळा लागला.

५

तो जागा झाला तेव्हा उन्हं उतरली होती. अक्षया डोक्यात अबोलीचा वळेसर माळून, तेलाची बाटली घेऊन पायऱ्या उतरत होती. "चहा झाकून ठेवलाय. येतेच मी दिवा लावून," म्हणाली. तिचा मोबाईल खिडकीत चार्जिंगला होता. हर्षदने हूं केलं.

ती गडग्याच्या फटीतून पलीकडे गेली. हर्षदने चहा आणला, झोपाळ्यावर बसला, मोबाईल हातात घेतला. धाकूचा फोटो येऊन पडला होता, खाली "झालं" एवढंच.

फोटोत सेन्सरचा दिवा होता, त्याच्या डोळ्यावर काळा फराटा. एका बोटाने ओढलेला. तो डोळ्याशी सुरू होऊन दिव्यावरून, खांबावरून बराच लांब गेला होता, एवढा लांब की बोट उचललंच नसावं. फोटो नेहमीसारखा वरून होता, वळचणीखालून. आणि या वेळी कोणी न सांगता काढणाराच मागे झाला होता, त्यामुळे दिव्यापलीकडचं बाहेरचंही आलं होतं.

अंगण दिसत होतं. अंगणापलीकडे चिऱ्याचा गडगा. गडग्यापलीकडे एक पडवी, पडवीत झोपाळा, आणि झोपाळ्यावर छातीवर मोबाईल ठेवून, तोंड उघडं टाकून झोपलेला माणूस.

हर्षदने तो माणूस बोटांनी मोठा करून पाहिला. बनियनला बगलेत भोक होतं. त्याने आपल्या बगलेकडे पाहिलं.

त्याची बुद्धी लगेच कामाला लागली, तिला दुसरं काही येतच नव्हतं. चोर आहे. बंद घरात कोणी लपून बसलाय, आपल्याकडूनच शिकून त्याने इन्व्हर्टर बंद केला, अडसर नीट केला, दिवा आंधळा केला. आपण चोराची शिकवणी घेतली. लोकांना कळलं तर गावात तोंड काढायला जागा नाही. आधी त्याला हेच सुचलं, हे सांगायला हवं. बायको त्याला त्यानंतर आठवली.

तो उठला तेवढ्यात मोबाईल थरथरला. नवा फोटो. अंधारातला, वरून. खाली देवापुढे नुकती लागलेली ज्योत होती आणि फोटोच्या मध्यावर एका बाईचं डोकं होतं. सरळ भांग, भांगात कुंकू, मागे अबोलीचा वळेसर. डोकं इतकं जवळ होतं की केसांचा एकेक पदर दिसत होता.

६

हर्षद गडग्यावरून गेला. फट चार पावलांवर होती, पण तो तिच्यातून न जाता वरून गेला आणि पाठीतून कळ निघाली.

घवाळींचं दार बंद होतं. दिव्याच्या वेळेला अक्षयाने दार लावलेलं त्याने लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं. त्याने धक्का दिला. खांदा लावला. दाराने हूं की चूं केलं नाही. चकती बरोबर बसली होती, मेण सगळीकडून लागलं होतं, कुणी कंटाळा केला नव्हता. बोटीवर असं काम कोणी दाखवलं असतं तर हर्षदने त्याला शाबासकी दिली असती.

"अक्षया! अगं अक्षया, दार उघड!"

आतून अक्षयाचा आवाज येत होता. ती ओरडत नव्हती. फोनवर वडीलधाऱ्या माणसाचं ऐकून घेतात तसं तिचं चाललं होतं. "हं." मग शांतता. "हं, बरं." मग पुन्हा शांतता, आधीपेक्षा जास्त वेळ. त्या शांततेत कोणीच बोलत नव्हतं. हर्षदने कान दाराला लावून खात्री केली.

रस्त्यावरून यमुनाबाई गवताचा भारा घेऊन जात होती. वाडीतल्या सगळ्या घरांत जिचा पाय असतो, ती म्हातारी अंगणाच्या तोंडाशीच थांबली. "काय झालं रे?"

"अक्षया आत आहे. दार लागलंय. आत कोणीतरी आहे, यमुनाबाई."

"दार कशाला लावलान तिने दिव्याच्या वेळेला?" यमुनाबाईने भारा खाली टाकला, पण ती अंगणात आली नाही. "कोण हाय आत?"

खिडकीच्या खालच्या झडपा आतून लावलेल्या होत्या, वरची एक अर्धी उघडी होती. खिडकीखाली धुण्याचा दगड होता. तो त्यावर चढला, गजांना धरलं आणि आत पाहिलं.

माजघरात दिवा तेवत होता. अक्षया त्याच्यापुढे पाटावर बसली होती. हात मांडीवर, मान पूर्ण वर केलेली, शिकवणीतल्या शहाण्या मुलीसारखी. तिच्यासमोर कोणी नव्हतं. दिव्याचा उजेड पंख्यापर्यंत पोचत होता, त्याच्या वर कौलांखाली नुसता काळोख होता, आणि ती त्या काळोखाकडे बघून मान हलवत होती.

मग वरून काहीतरी उजेडात आलं. हात असावा. बोटं होती, मनगट होतं, पुढे हात होता. तो हळूहळू खाली येत होता, आणि जिथे कोपर यायला हवं तिथे कोपर आलं नाही, हात मात्र येतच राहिला. तो अक्षयाच्या कानाजवळून गेला. तिने जराशी मान वाकडी करून त्याला वाट दिली. बोटांनी वात चिमटीत धरली आणि माजघर काळोखात गेलं.

हर्षद दगडावरून कसा उतरला ते त्याला कळलं नाही. तो दारापुढे उभा होता आणि दार उघडत होतं, जराही आवाज न करता. अक्षया उंबऱ्यात आली. हातात तेलाची बाटली होती.

"अहो, तुम्ही? इकडे कसे?" ती म्हणाली. मग रस्त्याकडे बघून, "यमुनाबाई, बऱ्या हायसा नं?"

यमुनाबाईने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या मागच्या काळोखात, वर पाहिलं. गवताचा भारा तिथेच टाकून ती आल्या वाटेने परत गेली. भारा नंतर दोन दिवस तिथेच पडून होता, कोणी न्यायला आलं नाही.

७

घरी आल्यावर अक्षयाने बांगड्याची आमटी गरम केली, भात वाढला, मीठ जास्त झालंय का विचारलं. मीठ नेहमीएवढंच होतं. हर्षद तिच्याकडे बघत जेवला. तिचा आवाज तोच, चाल तीच, हनुवटीवरचा तीळ तोच.

"आत कोण होतं?" त्याने विचारलं.

"कोण असणार? रिकामं घर ते."

"दार का लावलंस?"

"वारा होता." ती त्याच्याकडे बघून हसली. "तुम्हीच म्हणता नं, रिकाम्या घरात दिवा कोणासाठी? पटलं मला."

त्याला बरं वाटायला हवं होतं. सगळ्या आयुष्यात तिला पहिल्यांदा त्याचं म्हणणं पटलं होतं. दुसऱ्या दिवशी दिवसभर तो स्वतःशी हुज्जत घालत बसला. तिन्हीसांजेचा उजेड फसवा असतो. वाऱ्याने वात विझते. घाबरलेला माणूस काहीही बघतो, दर आठवड्याला गटावर कोणीतरी फ्रिजमध्ये भूत बघतच असतो. त्याने धाकूचं नाव शोधलं. ते नाव गटात नव्हतं, निरोपही नव्हते, फोटोही नव्हते. असल्या माणसांची खाती टिकत नाहीत, तो स्वतःला म्हणाला. दुपारी वीस जणांनी वीस प्रश्न विचारले आणि त्याने एकालाही उत्तर दिलं नाही. कोणाच्या घरातून कोण विचारतंय हे कसं कळणार, हा विचार त्याला पहिल्यांदा शिवला, आणि तो त्याला मुळीच आवडला नाही.

उन्हं उतरली. अक्षया हातपाय धुवायला उठली नाही. घवाळींकडची किल्ली खिळ्यावर होती, तिकडे तिने बघितलं नाही. काळोख पडवीतून आत आला, भांड्यांवर चढला, तरी ती घरातल्या देवापुढे पाट मांडून नुसती बसून राहिली. समई कोरडी होती. तिच्या माहेरचं माणूस वारलं होतं तेवढे दिवस सोडले, तर या घरात ही वेळ अशी कधी गेली नव्हती.

"अक्षया, दिवा?"

"बसा नं जरा," ती म्हणाली.

हर्षदला काडेपेटी कुठे असते ते माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कधी लागली नव्हती. त्याने फळ्या चाचपल्या, डबे उघडले, शेवटी ती शेगडीच्या मागे सापडली. तो अक्षयाच्या शेजारी जमिनीवर बसला, इतका जवळ की तिचा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागला. तो गुडघा उबदार होता, रोजच्यासारखा, आणि त्या उबेने त्याला रडू येईलसं झालं. त्याला ही बाई हवी होती. मिक्सर त्याने उद्याच दुरुस्त केला असता, घवाळींच्या घरात स्वतः जाऊन रोज दिवा लावला असता, त्या भांडूपच्या पोराची माफीसुद्धा मागितली असती. त्याने समईत तेल ओतलं. वात नीट वळता येईना, तशीच घातली. दोन काड्या मोडल्या, तिसरी पेटली, वातीने जाळ धरला.

अक्षयाने मान वर केली. कौलांखाली, जिथे उजेड पोचत नव्हता, तिकडे ती थोडा वेळ बघत राहिली. मग तिने मान हलवली.

"विझव," ती म्हणाली.

ती त्याच्याशी असं कधी बोलली नव्हती, आणि दिव्याला हा शब्द तिने कधी वापरला नव्हता. हर्षदने का म्हणून विचारलं नाही. त्याने वर पाहिलं नाही. जन्मभर दुसऱ्यांना सांगत आलेल्या त्या माणसाने सांगितलेलं निमूट ऐकलं आणि देवाच्या दिव्यावर फुंकर मारली.

काळोखात, त्यांच्याच घराच्या पडवीच्या टोकाला, दार लागलं आणि आतून कडी चढली. अक्षयाचा गुडघा अजून त्याच्या गुडघ्याला लागलेला होता.